क्षयरोगाचे असमान ओझे : काही निरीक्षणे आणि एक कबुली

(जागतिक क्षयरोग दिनी, २४ मार्च रोजी, रुग्णालयाच्या सभागृहात झालेल्या हितचिंतक मेळाव्यात वैद्यकीय विभागाच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



प्रतिवर्षी या दिवशी आम्ही विभागाच्या कामाचा आढावा आपणासमोर ठेवत आलो आहोत. किती थुंकी-तपासण्या झाल्या, किती क्ष-किरण चित्रे काढली, किती रुग्ण बरे होऊन घरी गेले, हे सारे वार्षिक अहवालाच्या तक्त्यांत यथास्थित छापले जाईलच. ते आकडे येथे वाचून दाखवण्याऐवजी आज आम्ही त्यांच्या मागे दडलेल्या एका गोष्टीविषयी बोलणार आहोत. क्षयरोग सर्वांना सारखा होत नाही. तो प्रदेश निवडतो, वस्ती निवडतो, व्यवसाय निवडतो. आणि एकाच घरात पुष्कळदा ज्याच्या ताटात सर्वांत कमी पडते त्याला निवडतो.

आपल्या परंपरेने या रोगाला राजयक्ष्मा असे भारदस्त नाव दिले. दक्षाच्या अठ्ठावीस कन्यांचा पती असलेला चंद्र एकट्या रोहिणीवर लुब्ध झाला, तेव्हा दक्षाच्या कोपाने त्याला क्षय जडला, अशी कथा चरकसंहितेत येते. नक्षत्रांच्या राजाला झाला म्हणून तो राजयक्ष्मा. या कथेत क्षय हे पक्षपाताचे फळ आहे, हे आम्हाला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे. फरक इतकाच की, आमच्या बाह्यरुग्ण विभागात पक्षपात करणारा कधी दिसत नाही. ज्याच्या वाट्याला तो पक्षपात आला तोच समोरच्या बाकावर खोकत बसलेला असतो.

एके काळी हा रोग उच्चनीच भेद फारसा मानत नसे. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. त्यानंतर पाचच वर्षांनी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतलेल्या आनंदीबाई जोशी पुण्यात क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रीविभागाची जागा त्यांची वाट पाहत राहिली. त्या काळात विद्या किंवा प्रतिष्ठा यांपैकी काहीही या रोगापासून संरक्षण देत नसे. पुढे युरोपात मात्र एक विलक्षण गोष्ट घडली. इंग्लंडमध्ये क्षयाने होणारे मृत्यू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासूनच घटू लागले होते, आणि १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसीन हे पहिले प्रभावी औषध हाती आले तोवर ते कितीतरी खाली आलेले होते. अन्न, घरे आणि मजुरी सुधारली तसा रोग ओसरला. आपल्याकडे नेमके उलट झाले. आपल्याकडे औषध आले, पण त्याच्याआधी यायला हवे होते ते सर्वांपर्यंत पोहोचले नाही.

येथे थोडे शास्त्र सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. क्षयाचा जंतू शरीरात शिरणे वेगळे आणि क्षयरोग होणे वेगळे. जगातील सुमारे एक चतुर्थांश माणसांच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे. भारतात २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील सुमारे ३१ टक्के लोकांत त्याचा शिरकाव झालेला आढळला. या सभागृहातही तो अनेकांच्या शरीरात निद्रिस्त असेल. परंतु अशा शंभर जणांपैकी आयुष्यभरात पाच ते दहा जणांनाच रोग होतो. उरलेल्या नव्वद जणांचे शरीर त्या जंतूला कोंडून ठेवते. हा पहारा ढिला पडण्याची कारणे आता चांगली माहीत आहेत. कुपोषण, मधुमेह, तंबाखू, दारू आणि एचआयव्हीचा संसर्ग ही त्यांतील प्रमुख. शिवाय कोंदट घर आणि छातीत जाणारी दगडाची धूळ. ही यादी एकवार मनाशी वाचली तर आपल्या तालुक्याचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो.

आता प्रदेशांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात सुमारे एक कोटी सात लाख लोकांना क्षयरोग झाला आणि सुमारे बारा लाख तीस हजार लोक त्याने दगावले. नव्या रुग्णांपैकी चौथा हिस्सा एकट्या भारतातील होता. आपल्या देशात काहीच सुधारणा झाली नाही असे मुळीच नाही. २०१५ साली दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला २३७ जणांना हा रोग होई. २०२४ मध्ये हे प्रमाण १८७ वर आले. देशाने २०२५ अखेर क्षयनिर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले होते. ते साधले नाही, तरी उतरण खरी आहे आणि तीमागे हजारो आरोग्यसेविकांची पायपीट आहे. पण सरासरी हा मोठा फसवा प्रकार असतो. वर उल्लेखिलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरील व्यक्तींमध्ये फुफ्फुसाच्या क्षयाचे प्रमाण देशभरात लाखामागे ३१६ आढळले. केरळात ते ११५ होते, दिल्लीत ५३४. एकाच देशात, एकाच कार्यक्रमाखाली, त्याच गोळ्या मिळत असताना जवळजवळ पाचपट अंतर.

या आकड्यांबाबत एक सावधगिरी मात्र बाळगावी लागते. शासनाकडे होणारी रुग्णांची नोंद आणि प्रत्यक्षातील रोग या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखाद्या जिल्ह्यात नोंद वाढली की वृत्तपत्रांत चिंता प्रकट होते. आम्हाला पुष्कळदा समाधान वाटते, कारण तेथे कोणीतरी शोधावयास गेले असा त्याचा अर्थ असतो. याउलट जेथे नोंद अल्प, तेथे रोग अल्प असेलच असे नाही. त्याच सर्वेक्षणात ज्यांना क्षयासारखी लक्षणे होती त्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कोणत्याही दवाखान्यात गेलेच नव्हते. त्यांतील बहुतेकांनी खोकल्याकडे दुर्लक्ष केले होते. दुर्लक्ष हा शब्द आपण सहज वापरतो. ज्याची मजुरी रोजची आहे, त्याला दवाखान्यात जाण्यासाठी एक दिवस विकत घ्यावा लागतो, हे त्या शब्दात दिसत नाही.

मध्य प्रदेशातील श्योपुर जिल्ह्याचे नाव २०२२ साली नामिबियाहून कुनोच्या अरण्यात आलेल्या चित्त्यांमुळे घरोघर पोहोचले. त्याच जिल्ह्यात सहरिया ही आदिवासी जमात राहते. जबलपूर येथील आदिवासी आरोग्य संशोधन केंद्राच्या वैद्यांनी कराहल भागातील सहरियांची तपासणी करून २०१० साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत फुफ्फुसाच्या क्षयाचे प्रमाण लाखामागे १,५१८ आढळले. त्याच राज्यातील एकंदर आदिवासींमध्ये हेच प्रमाण ३८७ होते. म्हणजे वंचितांमध्येही एक अधिक वंचित स्तर आहे. डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ साली आदिवासी आरोग्यावर जो अहवाल दिला, त्यात देशातील आदिवासींमध्ये क्षयाचे प्रमाण लाखामागे ७०३ आणि एकूण लोकसंख्येत २५६ असल्याचे नमूद आहे. सहरियांच्या रक्तातच काही दोष असावा, असा तर्क मांडणारेही भेटतात. आनुवंशिकतेचा अभ्यास अवश्य व्हावा. परंतु ज्यांची वस्ती गावापासून वेगळी, ज्यांच्याकडे जमीन तुटपुंजी आणि कोरड्या महिन्यांत अन्न अपुरे, त्यांच्या बाबतीत प्रथम रक्ताकडे बोट दाखवणे आम्हाला घाईचे वाटते.

हा केवळ दरिद्री देशांचा प्रश्न आहे असेही नव्हे. कॅनडा हा संपन्न देश. तेथे क्षय दुर्मीळ. परंतु उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात राहणाऱ्या इन्युइट लोकांमध्ये या रोगाचे प्रमाण तेथे जन्मलेल्या, आदिवासी नसलेल्या नागरिकांच्या सुमारे तीनशे पट आढळत आले आहे. लहान घरांत दाटीने राहणारी माणसे, महाग अन्न आणि शेकडो मैलांवरचे रुग्णालय. १९४० ते १९६० च्या दशकांत जहाजे किनाऱ्याकिनाऱ्याने जात, लोकांची छाती तपासत आणि ज्यांना रोग आढळे त्यांना तेथूनच दक्षिणेकडील आरोग्यधामांत नेत. कित्येकांना घरच्यांचा निरोप घेण्यासही उतरू दिले नाही. काही परतलेच नाहीत आणि त्यांना कोठे पुरले हे कुटुंबांना अनेक दशके कळले नाही. मार्च २०१९ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी इकालुइट येथे जाऊन याबद्दल क्षमा मागितली. हे उदाहरण आम्ही मुद्दाम सांगत आहोत. उपचार उत्तम असूनही तो माणसाच्या जीवनक्रमाला धुडकावून दिला गेला तर काय होते, ते यात दिसते. आमची स्वतःची जी कबुली पुढे येणार आहे, तिचे मूळही याच जातीचे आहे.

मुंबईचे उदाहरण आपणांस अधिक परिचयाचे असेल. गोवंडी-मानखुर्दचा भाग क्षयासाठी फार दिवस कुप्रसिद्ध आहे. रस्ते आणि रेल्वेच्या प्रकल्पांत ज्यांच्या झोपड्या गेल्या त्यांना तेथे पक्की घरे मिळाली. पक्के घर मिळाले म्हणजे आरोग्य सुधारेल, हा सर्वांचा समज होता. २०१८ साली एका स्वयंसेवी संस्थेने आयआयटी मुंबईच्या साह्याने तेथील वसाहतींचा अभ्यास केला. लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड येथे इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत की, खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा जवळपास पोहोचतच नाही. शेजारच्या, अधिक मोकळ्या जागेत बांधलेल्या वसाहतीशी तुलना करता या दोन ठिकाणी क्षयाचे प्रमाण बरेच अधिक आढळले, आणि त्यातही खालच्या मजल्यांवर. क्षयाचा जंतू हवेत तरंगतो आणि सूर्यप्रकाशात मरतो, ही शाळेतील पोरालाही ठाऊक असलेली गोष्ट. पण ती इमारतींच्या नकाशात उतरली नाही.

आपल्या परिसरातील खडीकेंद्रांविषयी या व्यासपीठावरून पूर्वी बोलणे झाले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. दगड फोडणाऱ्याच्या फुफ्फुसात सिलिकाची धूळ बसते, फुफ्फुस चिवट होते, आणि अशा फुफ्फुसात क्षय सहज घर करतो. पुष्कळदा उलटेही घडते. सिलिकोसिसलाच क्षय समजून माणसाला दोनदोनदा, तीनतीनदा क्षयाच्या गोळ्या दिल्या जातात. आमच्याकडूनही असे झाले आहे. आता दगडाचे काम केलेल्या प्रत्येक रुग्णाची व्यवसायाची हकीकत पहिल्या पानावरच लिहिली जाते.

स्त्रियांच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. एकूण रुग्णांत पुरुषांचे प्रमाण पुष्कळ अधिक असते. राष्ट्रीय सर्वेक्षणातही ते स्त्रियांच्या दुपटीहून जास्त होते. तंबाखू, दारू, धुळीची कामे ही त्याची काही कारणे. परंतु रोग कमी म्हणून यातना कमी असे नव्हे. सासरी कळेल म्हणून मुलीच्या गोळ्या पिठाच्या डब्यात लपवणाऱ्या आया आम्ही पाहिल्या आहेत. नवऱ्याला क्षय झाला तर बायको त्याला घेऊन दवाखान्यात येते. बायकोला झाला तर तिला माहेरी धाडण्याची भाषा निघते. रुग्णांचे जे नातेवाईक आज येथे बसले आहेत त्यांतील बहुतेक स्त्रियाच आहेत, हे आपणही पाहत आहात.

आता आमच्या कबुलीकडे वळतो.

आपला हा ऊसपट्टा. दिवाळी सरली की बीड, अहिल्यानगर, जालना या भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते आणि ती हंगामभर फेडायची असते. पहाटे फडात, रात्री मोळ्या गाडीत भरण्याची खेप, राहायला उसाच्या पाचटाची कोपी. एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. हा हंगाम साधारण पाच-सहा महिन्यांचा असतो. क्षयाचा उपचारही सहा महिन्यांचा. ही दोन कालगणिते एकमेकांत कधीच नीट बसत नाहीत, हे आम्हाला कळायला हवे होते.

काही वर्षांपूर्वी जानेवारीत अशाच एका टोळीतील एक बाई आमच्याकडे आली. दोन महिन्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप, वजन ३४ किलो. थुंकीत जंतू सापडले. औषध सुरू केले. नियमाप्रमाणे समजावून सांगितले : "बाई, गोळ्या एकही दिवस चुकवायच्या नाहीत. दर महिन्याला इथंच यायचं. दुसरीकडं कुठं जायचं नाही, अर्धवट औषध घ्यायचं नाही." तिने विचारले, "डॉक्टरसाहेब, खाडा पडतो. पोराच्या बापाला धाडलं तर गोळ्या द्याल का?" आम्ही होय म्हणालो. दोन महिने तो येत राहिला. तिची थुंकी स्वच्छ झाली, वजन थोडे वाढले. मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला आणि टोळी गावी परतली. एप्रिलमध्ये ती आली नाही, मेमध्येही नाही. आमच्या नोंदवहीत तिच्या नावापुढे दोन शब्द लिहिले गेले : 'उपचार सोडला'.

पुढल्या दिवाळीनंतर तो माणूस आला. बरोबर चार वर्षांचा मुलगा. मानेला गाठी, अंगात कणकण. बायकोची चौकशी केली तेव्हा तो म्हणाला, "ती आखाडात गेली." गावाजवळ शासकीय आरोग्य केंद्र होते. तेथे याच गोळ्या विनामूल्य मिळतात, देशात कोठेही मिळतात. नाव एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वर्ग करण्याची सोय संगणकावर आहे. मग तेथे का नाही गेलात? तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतं ना साहेब, दुसरीकडं जायचं नाही. ती म्हणायची, पुढच्या हंगामाला जाऊ तवा त्यांच्याकडनंच घेऊ."

तिने उपचार सोडला नव्हता. तिने आमची आज्ञा पाळली होती. मुलगा बरा झाला. गंडमाळेचा क्षय सहा महिन्यांत आटोक्यात आला, आणि या वेळी कागद त्याच्या आधी गावी पोहोचला होता. पूर्वी अशा रुग्णांना जगभरच्या नोंदवह्यांत इंग्रजीत 'डिफॉल्टर' म्हणत. कर्ज बुडवणाऱ्याला लावतात तो शब्द. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली तो काढून टाकला आणि ज्याचा मागोवा राहिला नाही असा रुग्ण, या अर्थाचा शब्दप्रयोग घेतला. मागोवा घेणे हे काम रुग्णाचे नसून रुग्णालयाचे आहे, हे त्यात मान्य केलेले आहे. आमच्या वहीतील ते दोन शब्द आम्ही अजून खोडलेले नाहीत.

तिच्या वजनाचा आकडा आम्हाला पुढे दुसरीकडे पुन्हा भेटला. छत्तीसगढमध्ये बिलासपूरजवळच्या गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या डॉक्टरांनी २००४ ते २००९ या काळातील आपल्या क्षयरुग्णांची वजने २०१३ साली प्रसिद्ध केली. निदानाच्या वेळी पुरुषांचे मध्यम वजन ४२ किलो, स्त्रियांचे ३४ किलो. वाचताना आम्ही काही क्षण थबकलो.

अन्नाचा प्रश्न वैद्यकशास्त्राने मध्यंतरी बाजूला ठेवला होता, त्यामागे एक इतिहास आहे. १९५६ मध्ये मद्रास येथे एक अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना आरोग्यधामात, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरी ठेवून एकच औषध देण्यात आले. घरी राहिलेल्यांचा आहार निकृष्ट होता, तरी बरे होण्याचे प्रमाण जवळजवळ सारखेच निघाले. १९५९ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि लक्षावधी गरिबांना घरबसल्या उपचार मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. त्याचे मोल थोर आहे. परंतु त्यातून दुसराही अर्थ काढला गेला, की गोळी चालू असली म्हणजे जेवणाची चिंता नको. आमच्याही पिढीला तेच शिकवले गेले. गोळी जंतूला मारते हे खरे. घरातील इतरांच्या शरीराचा पहारा मात्र गोळी उभा करत नाही.

या गोष्टीचा पुरावा झारखंडने दिला. डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ ते २०२२ या काळात तेथील चार जिल्ह्यांत २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरांतील १०,३४५ माणसे यांच्यावर एक प्रयोग केला. प्रत्येक रुग्णाला औषधाबरोबर दरमहा दहा किलोचा शिधा दिला. निम्म्या भागात घरातील इतरांनाही तांदूळ आणि डाळ दिली. मोठ्या माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. संसर्गजन्य प्रकार तर ४८ टक्क्यांनी. रुग्णांतही, ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढले त्यांच्या मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी आढळला. पाच टक्के म्हणजे ३४ किलोच्या बाईला पावणेदोन किलो. खर्च त्या वेळच्या दराने महिन्याला रुग्णामागे साधारण ११०० रुपये आणि घरातील प्रत्येकामागे ३२५. सुमारे तीस घरांना शिधा पुरवला की एक नवा क्षयरुग्ण टळतो, असा त्यांचा हिशेब आहे. २०२३ साली हे प्रसिद्ध झाल्यापासून आमच्या विभागात याइतकी दुसऱ्या कशाची चर्चा झाली नसेल.

शासनाने या दिशेने पावले टाकली आहेत, हे कृतज्ञतापूर्वक नमूद करावयास हवे. निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत, ते नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. २०२२ पासून निक्षय मित्र होऊन कोणालाही रुग्णाचा शिधा उचलता येतो, आणि आता त्यात कुटुंबीयांचाही समावेश आहे. डिसेंबर २०२४ मध्ये ३४७ जिल्ह्यांत जी शंभर दिवसांची मोहीम निघाली, तीत वृद्ध, मधुमेही, कुपोषित, रुग्णांच्या सहवासातील माणसे यांना लक्षणे नसतानाही तपासण्यावर भर होता. ही दिशा योग्य आहे. अडचण येते ती शेवटच्या टप्प्यात. पैसे बँकेत जमा होतात. बँक गावी, माणूस फडात.

म्हणून येत्या हंगामापासून आम्ही काही गोष्टी करू इच्छितो. विश्वस्त मंडळापुढे त्या मांडल्या आहेत आणि आपणापुढेही मांडतो. हाताने उचलता येणारे क्ष-किरण यंत्र घेऊन आमचे पथक अंधार पडल्यावर कोप्यांवर जाईल. दिवसा तेथे म्हाताऱ्या आणि लेकरांखेरीज कोणी नसते. ज्याला रोग आढळेल त्याच्या घरातील सर्वांची तपासणी होईल आणि योग्य त्यांना प्रतिबंधक औषध मिळेल. टोळी परतण्याआधी प्रत्येक रुग्णाचे नाव त्याच्या गावच्या केंद्राकडे वर्ग होईल, तेथील सेविकेशी आमची परिचारिका दूरध्वनीवरून स्वतः बोलेल, आणि पुढील एक महिन्याच्या गोळ्या जवळ असल्याशिवाय कोणालाही जाऊ दिले जाणार नाही. "दुसरीकडे जाऊ नका" हे वाक्य आमच्या समुपदेशनातून काढून टाकले आहे. मुकादमांशीही बोलणे चालू आहे. तपासणीच्या दिवसाचा खाडा धरू नये, असे दोघांनी मान्य केले आहे. दोघांनीच.

आणि धान्य. यासाठी वेगळा निधी असावा अशी आमची विनंती आहे. येथे एक मोकळेपणाने बोलतो, आपण रागावणार नाही या विश्वासाने. आपण दिलेल्या खाटा, यंत्रे, खोल्या यांच्यावर आपल्या तीर्थरूपांची नावे आम्ही आदराने कोरली आहेत. डाळीच्या पोत्यावर पाटी बसवता येत नाही, आणि महिनाअखेर पोतेही उरत नाही. गतवर्षी एका देणगीदारांनी दुसऱ्या क्ष-किरण यंत्राची इच्छा दर्शवली होती. त्यांना आम्ही संकोचाने विचारले, त्याऐवजी तांदूळ चालेल का? त्यांनी दोन दिवस विचार केला आणि होकार दिला. त्यांच्याच इच्छेनुसार त्यांचे नाव येथे घेत नाही.

सभागृहाबाहेर डाव्या हाताला, वजनकाट्याशेजारी, एका रुग्णाच्या एका महिन्याच्या शिध्याची पिशवी नमुन्यादाखल ठेवली आहे. तांदूळ, डाळ, दुधाची भुकटी, तेल. चहापानाला जाताना आपण ती कृपया एकदा उचलून पाहावी. दहा किलोची आहे.